हरायला निघालेली शीलाताई

बाभुळगावच्या बसस्टँडसमोर शीलाताईचं चहा-नाश्त्याचं दुकान आहे. तीन बाजूंनी पत्रा आणि चौथी बाजू रस्त्याला उघडी. माझी उभी हयात नाटक कंपनीत गेली, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला तो रंगमंच वाटला आणि कोपऱ्यातल्या बाकावर मी कायमची जागा धरली. मध्यभागी कढई, कढईमागे शीलाताई. उजव्या हाताने ती आलुबोंडे तेलात सोडते, डाव्या हातात मोबाईल असतो. बोंडा फुगेपर्यंत नजर मोबाईलवर, आणि नेमकी उलटायच्या क्षणी कढईत. असं टायमिंग आमच्या कंपनीत एखाद-दुसऱ्यालाच साधलं होतं, आणि तो माणूस मॅनेजरशी मान वर करून बोलत असे.

मोबाईलवर शीलाताई राज्य करते. त्या खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. बाभुळगावात सगळे त्याला ‘गढी’ म्हणतात. प्रत्येकाची एक गढी, गढीभोवती शेतं, शेतांतलं धान्य आणि त्या धान्यावर पोसलेली फौज. फौज घेऊन दुसऱ्याच्या गढीवर जायचं, लुटायचं आणि परत यायचं. शेजारशेजारच्या गढ्यांचा मिळून एक संघ होतो. गढी एकदा बांधली की तिथून हलत नाही, म्हणून संघही बदलता येत नाही. बाभुळगावच्या संघाची प्रमुख शीलाताई.

आधी तिचा या खेळावर राग होता. अर्ध्या चहावर पोरं सकाळभर बाक अडवून बसायची. त्यांना उठवायचं कसं हे समजून घ्यायला ती खेळात शिरली आणि स्वतःच बसली. बाकीचे फौजा वाढवत होते, ती कोठारं वाढवत होती. फौजेला रोज खायला लागतं हे पोरांच्या ध्यानातच यायचं नाही. त्यांची फौज दुसऱ्याच्या तटापर्यंत पोचायच्या आत उपाशी होऊन परत फिरायची. मग हळूच आवाज यायचा, “ताई, जरासं धान्य धाडता का?” वर्षभरात अख्खा संघ तिच्या कोठारावर जेवू लागला. असं माणूस प्रमुख होणारच.

तिच्या गढीच्या नावाची हकिकत तिनं मला एका रिकाम्या दुपारी सांगितली. पहिल्या दिवशी गेमनं नाव विचारलं, तेव्हा तिनं आपल्या आईचं नाव टाकलं, तुळसाबाई. गेमनं उत्तर दिलं की हे नाव आधीच कोणी घेतलं आहे, ‘तुळसाबाई१’ चालेल का?

“मले समजेच ना काकाजी,” ती म्हणाली. “लोकं गढीले किंग, टायगर, डेंजर असे नावं ठेवतेत. तुळसाबाई नाव कोणाले सुचलं असन?”

तिनं गेममधला नकाशा धुंडाळला, त्यात गावं खऱ्या जागीच असतात. दक्षिणेकडे, उमरखेडच्या अंगाला, तुळसाबाई नावाची गढी सापडली. तटाच्या आत विहीर, विहिरीच्या उजवीकडे कडुनिंब, कडुनिंबाखाली दोन बैल. ते तिच्या माहेरचं अंगण होतं. म्हणजे गढी तिच्या थोरल्या भावाची, कपिलची. कपिल उमरखेडला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून देतो. आणि दोघं भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण तसं लहान होतं, पण आमच्या भागात त्याला लहान म्हणत नाहीत. मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका मामाची. ती हातात द्यायची, त्याच्या घरी जाऊन, सोबत एखादं वडीलधारं माणूस घेऊन. अर्पिताच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, लग्नाच्या धांदलीत शीलाताईनं पत्रिकेचा फोटो काढला आणि ओळखीच्या सगळ्यांना मोबाईलवर एकदमच पाठवून दिला. त्या सगळ्यांत मामाही होता. नंतर जाऊन येऊ, असं म्हणता म्हणता जाणं झालं नाही. मंगल परिणय थाटात पार पडला, गाव जेवलं, मामा आला नाही. पुढं कुणाकडून तरी त्याचा निरोप आला, “मले कोणी बोलावलंच नाही. फोटो आलता.” त्यावर शीलाताईनं उलट निरोप धाडला, “वाचता येत होतं न?” झालं. पडदा पडला तो पडलाच.

पण नकाशावर आईचं नाव दिसलं, त्या सकाळी पहिला घाणा निघाल्याबरोबर शीलाताईनं त्या गढीला दहा गाड्या ज्वारी पाठवली. सोबत शब्द नाही. दुसऱ्या सकाळी तिच्या गढीच्या दारात दहा गाड्या लाकूड उभं होतं. सागाचं.

“पण त्यानं तुला ओळखलं कशावरून?” मी विचारलं.

“ओळखल्याबिगर कोणी साग देते का काकाजी?”

तेव्हापासून रोज इकडून ज्वारी आणि तिकडून साग. चिठ्ठी लिहायची सोय गेममध्ये आहे. दोघांनीही ती वापरली नाही. आमच्या धंद्यात मुक्या प्रवेशाला फार मान असतो. हा इतका लांबलेला मुका प्रवेश मी दुसरा पाहिला नाही.

मग दिवाळीनंतर बंटी बातमी घेऊन आला. बंटीचं शेजारीच झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. दुकानात कमी आणि आमच्यात जास्त असतो. गेमचं नवं अपडेट येणार होतं आणि त्यात जिंकण्याचे नियमच बदलणार होते. त्यानं मोबाईल तोंडासमोर धरून वाचून दाखवलं. जिंकलेली गढी आता लुटून सोडून द्यायची नाही. ती जिंकणाऱ्याची मांडलिक होणार. जिंकणाऱ्याला तिचं नाव बदलता येणार. आणि धान्य-लाकडाची देवाणघेवाण आपल्या संघात, नाहीतर स्वामी आणि मांडलिकात. परक्या गढीला एक दाणाही पाठवता येणार नाही.

त्या दिवशी शीलाताईचा बोंडा करपलेला मी पहिल्यांदा पाहिला.

“हे बराबर केलं त्यायनं,” बंटी म्हणाला. “आतापर्यंत जिंकून काय भेटे? चार पोते धान्य. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तट बांधून मिशीवर ताव देत उभा. जिंकलं तं कायमचं जिंकलं पाह्यजे.”

“अन् त्याले खाऊ कोण घालन?” हे अमरसिंगनं विचारलं. अमरसिंग कृषी केंद्रात बियाणं-खतं विकतो, तांड्यावरून रोज मोटरसायकलनं येतो आणि बोलण्याआधी चहा पूर्ण संपवतो.

“कोणाले?”

“मांडलिकाले. खाली लिवलं आहे पाह्य, उपाशी राह्यला तं बंड करन. तुही सोताची फौज उपाशी मरून राह्यली बे. तू दुसऱ्याचं गाव कायनं पोसशीन?”

“ताई आहेत न.”

“ताईनं ठेका घेतला का?” कढईमागून शीलाताई म्हणाली.

“मंग बटईनं देतो. निम्मं पीक त्याचं, निम्मं माह्यं.”

“गढी त्याची, शेत त्याचं, अन् त्यालेच बटईनं?”

“जिंकली म्हणजे माही झाली न.”

“म्हणजे तू माह्या घरात घुसशीन,” अमरसिंग म्हणाला, “मलेच चुलीपाशी बसवशीन, अन् वरून म्हणशीन, घे भाऊ, अर्धी भाकर तुले ठेवली.”

बाकावरचे सगळे हसले. बंटीनं माझ्याकडे वळून दाद मागितली. “काकाजी, तुमी सांगा. तुमी तं रोज गढ्या जिंकत होते स्टेजवर.”

“मी कुठला जिंकतो,” मी म्हणालो. “माझा चेहरा पाहून मॅनेजरनं मला सगळे हरणारे राजे दिले. रोज हरायचो, शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, जमलेल्या गर्दीसमोर हरायचो, पावसात भिजत हरायचो. पण जिंकणाऱ्याला एक शिस्त होती. हरलेला विंगेत जाईपर्यंत त्यानं जागचं हलायचं नाही. तेवढा वेळ मंच हरणाऱ्याचा. टाळीही त्याचीच.”

“गेममंधी टाळी कोठं भेटते,” बंटी म्हणाला. “ते जाऊ द्या. अपडेट आलं की पहिली गढी कोणती घ्यायची ते मी पाहून ठेवली. उमरखेडची तुळसाबाई. कोठार गच्च भरेल आहे. कोण देते तिले एवढं धान्य, समजत नाही. नाव बदलून ‘बंटी किंग’ ठेवतो.”

शीलाताई ओटा पुसत होती. तीच जागा तिनं पुन्हा पुसली.

“नाव कोणाच्या तरी याडीचं दिसते,” अमरसिंग म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणतात. “दुसऱ्याच्या याडीचं नाव पुसून तू आपलं लिवशीन?”

“गेम आहे भाऊ.”

“गेम आहे म्हणूनच म्हणून राह्यलो. खरं असतं तं तुले कोणी तटाजवळ उभं केलं नसतं.”

“त्या गढीवर कोणी जायचं नाही,” शीलाताई म्हणाली.

“काहून?”

“प्रमुख सांगून राह्यली म्हणून.”

बंटी रुसला. दोन दिवस तो बसस्टँडच्या कँटीनमध्ये चहा प्यायला. तिसऱ्या दिवशी परत आला आणि कुणी न विचारताच म्हणाला की तिकडच्या चहात पत्तीच नसते.

अपडेट मात्र येईना. आधी शुक्रवार सांगितला होता, मग पुढचा शुक्रवार, मग नुसतंच ‘लवकरच’. कापसाच्या गाड्या बाजाराकडे जात होत्या, बसेस लागत होत्या, सुटत होत्या, आणि दुकानात रोज सकाळी एकच प्रश्न, “आलं का?” नायक न आल्यामुळे नाटक अडून राहावं तसे आम्ही सगळे बसलेलो. त्या दिवसांत शीलाताई दुप्पट ज्वारी पाठवू लागली. तिकडून सागही दुप्पट येऊ लागला. बातमी त्यालाही लागलेली होती, हे उघड होतं. आणि तरी चिठ्ठीची जागा कोरीच.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा ती माझ्या बाकाशी येऊन बसली.

“काकाजी, मुद्दाम हरायचं असलं तं कसं हरा लागते?”

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

“अपडेट आलं की ज्वारी बंद, साग बंद,” ती म्हणाली. “मंग आमच्या दोघात राह्यलं काय? एकानं दुसऱ्याची गढी घेतली तरच धाडता येईन. मी त्याची घेतली तं मायच्या नावाची थोरली गढी माह्याखाली येईन. दादाले ते पटणार नाही. मलेही नाही पटत. त्यानं माही घेतली तं काय बिघडते? लाहान बहीणच आहो मी त्याची.”

“मग त्याला कळव तसं.”

“कशावर? मोबाईलवर?” ती जराशी हसली. “एक डाव मोबाईलवर बोलावून पाह्यलं न.”

तिचं खरं होतं.

“घरी जाऊनच सांगा लागन. चढाई कर म्हणून. तुमी चला संगं. आमंत्रणाले वडीलधारं माणूस लागते.”

मी आयुष्यभर हरणाऱ्या राजांची कामं केली, पण हरण्याचं आमंत्रण घेऊन जाणाऱ्या दूताचं काम मला कुणी दिलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

अपडेट आलं ते एका मंगळवारी पहाटे, कुणाचं लक्ष नसताना. बंटीच्या दुकानासमोर सगळे मोबाईल घेऊन उभे. त्याच्या वायफायवर डाउनलोडची पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. शीलाताईनं त्याला बाजूला बोलावलं आणि संघाचं प्रमुखपद त्याच्या नावे करून टाकलं. तो इतका खूश झाला की कशासाठी ते विचारायचंच विसरला. मग तिनं आपली फौज त्याच्या गढीत पाठवली, आपल्या गढीचा दरवाजा उघडा टाकला, कढई नवऱ्याच्या, श्रावणच्या, ताब्यात दिली आणि आम्ही यवतमाळची बस धरली.

“दरवाजा आत्ताच का उघडलास?” मी बसमध्ये विचारलं. “कुणीही शिरेल.”

“रस्त्यात नेट भेटत नाही काकाजी. मंग तिथं दादासमोर बसून फौज हटवत बसू का? आमंत्रण द्यायले जाऊन घर झाडत बसल्यावाणी दिसन ते.”

यवतमाळला गाडी बदलताना तिनं भावासाठी शर्टपीस घेतलं, मळकट दिसणार नाही असा गडद रंग. आर्णीच्या पुढे दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांवर आली होती. तिनं ती पाहिलीच नाही. मोबाईल उंच धरून नेट शोधत होती, जशी काही गाडीच्या छताला गढी चिकटलेली आहे. महागावला नेट आलं. गढी शाबूत होती. उमरखेडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा मात्र मोबाईलनं शिंग फुंकलं. ‘डेंजर राजा’ नावाच्या कुणाची फौज नांदेडच्या बाजूनं तिच्या उघड्या दरवाजाकडे निघाली होती. फार तर एक चहा होईल एवढा वेळ होता.

शीलाताई चालायची ती जवळजवळ धावू लागली. मी मागे.

कपिलचं दुकान म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी आणि उघड्या पडलेल्या मोटारी. तो चष्मा नाकावर ठेवून एका मोटारीत डोकं घालून बसला होता.

“मोटार उद्या भेटन,” तो मान वर न करता म्हणाला.

“मोटार नाही आणली दादा.”

त्यानं मान वर केली. बहिणीकडे पाहिलं आणि बोलला माझ्याशी. “जय भीम काकाजी.” माझ्यासाठी स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं. दुसरं स्टूल पायानं तिच्याकडे सरकवलं, न पुसता.

मी उभं राहून माझं काम केलं. आवाज आपोआप चढला, इतक्या वर्षांची सवय. “कपिलराव, तुमची बहीण घरी येऊन आमंत्रण देते आहे. तिच्या गढीवर तुम्ही चढाई करावी, अशी तिची विनंती आहे.”

रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबला.

कपिलनं पक्कड खाली ठेवली. “याचा फोटो काढून नाही धाडला?”

“चुकलं दादा,” शीलाताई म्हणाली. “तवाही घरीच या लागत होतं.”

“तीन वर्षांनी समजलं.”

“समजलं तवाच होतं. यायलेच वेळ लागला. गाडी लेट होती.”

कपिलच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्यानं तो पुन्हा जागेवर बसवला. शीलाताईनं शर्टपीस पुढं केलं. हात तेलकट होते म्हणून त्यानं ते दोन मनगटांत धरून घेतलं.

“मी नाही करत चढाई,” तो म्हणाला. “बहिणीच्या दारात फौज नेऊ?”

“गढी खाली आहे, आत एक शिपाई नाही. दरवाजा उघडा टाकला आहे.”

“मंग तं बिलकुलच नाही. खाली घर कोणी जिंकते का?”

“दादा, मी हरून राह्यली त्यात तुले कायचा त्रास आहे?”

“अन् मी बिना लढाईचा जिंकलो तं लोकं काय म्हणतीन?”

“तीन वर्षं लोकं काय म्हणले ते चाललं तुले?”

अशी त्यांची जुंपली. आवाज चढले, सायकलवाल्यानं सायकल स्टँडवर लावली. मागच्या घरातून कपिलची बायको कोकिळा पाण्याचे गिलास घेऊन आली. तिनं नणंदेला पाणी दिलं, तिच्या हातातला मोबाईल पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, “अहो, भांडण मंग करा. तो डेंजर राजा निम्म्या रस्त्यात आला. रोज सकाळी दात घासाच्या आंधी साग तोडता बहिणीसाठी, अन् आता नाटकं करून राह्यले?”

कपिल एकदम लाल झाला. त्यानं खिशातून मोबाईल काढला. बोटांना वॉर्निश लागलेलं, स्क्रीन काही ऐकेना. त्यानं बोट पॅंटला पुसलं, मग कोकिळाच्या पदराला पुसलं, ती ओरडली, आणि उमरखेडची फौज निघाली. नकाशावर दोन फौजा दोन वाटांनी त्या उघड्या दरवाजाकडे धावत होत्या. आम्ही चौघं आणि तो सायकलवाला, पाच डोकी एका मोबाईलवर. कपिलचा झेंडा आधी आत गेला. डेंजर राजा दारातून परत फिरला.

मोबाईलवर एक चौकट उघडली. जिंकलेल्या गढीला नवीन नाव काय द्यायचं?

कपिलनं चष्म्यावरून बहिणीकडे पाहिलं. “तेच राहू द्यायचं न?”

“हाव.”

“पण हे एक काहून लावलं मायच्या नावापुढं?”

“तू आंधी घेऊन बसला होता. मले तेच भेटलं.”

“थोरला आहो, आंधी घेईनच,” तो म्हणाला आणि चौकट बंद केली. मग खालची ओळ वाचली. “मांडलिकानं रोज हजेरी लावावी, असं लिवलं आहे.”

“लावतो मंग.”

“मोबाईलवर नाही.”

“बरं.”

कोकिळानं आम्हाला मागच्या घरात नेलं. ताटं मांडली गेली, ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी आली. पहिला घास घेतला आणि शीलाताईचा फोन वाजला. स्पीकर चालू होता. सगळ्यांना ऐकू आलं. बंटी होता, आणि मागे बाभुळगावच्या दुकानातला सगळा गलका.

“ताई, तुमची गढी पडली. उमरखेडवाल्यानं घेतली. तुमी काळजी करू नका, मी प्रमुख आहो, अख्खी फौज घेऊन निंगालो. संध्याकाळच्या आत सोडवून आणतो तुमाले.”

“बंटी, मांगं फिर,” शीलाताई म्हणाली.

“काहून?”

“मी माहेरी आली.”

पलीकडे गोंधळ. कुणीतरी, बहुतेक अमरसिंग, म्हणालं, “मी सांगत होतो न, याडीचं नाव आहे.” बंटीला तरी कळेना. “पण ताई, ते मांडलिक करून ठेवतीन न तुमाले. किती दिवस राहा लागन तिथं?”

शीलाताईनं भावाकडे पाहिलं. कपिलनं डाव्या हातानं तिच्या हातातला फोन घेतला आणि तोंडातला घास न संपवताच म्हणाला, “पावणे, जेवण चालू आहे. चढाई उद्या ठेवा.”